पिवळ्या गाडीचं माप

दादा,

तुझं तेरावं होऊन आज तीन दिवस झाले. पाहुणे आपापल्या घरी गेले, मांडवाचे वासे ज्याचे त्याला परत केले, वहिनीने गॅरेजची किल्ली देवळीत ठेवली. मला मात्र अजून तुझ्याशी भांडायचं आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही. पण तू माझी एक गोष्ट नेलीस, अठरा वर्षं मागूनही दिली नाहीस, आणि आता तर तू हाताला लागायचाच नाहीस. म्हणून लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. जिवंत होतास तेव्हाही गाड्यांच्या मागे लिहिलेलं सोडून तू काही वाचत नव्हतास.

शेणव्याच्या नाक्यावरचं तुझं गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली खड्डे. डोळखांबकडे जाणाऱ्या जिपा तुझं मुख्य गिऱ्हाईक. दहाची जीप वीस माणसं घ्यायची, वर टपावर गोण्या, कोंबड्या, एखादा बाजारातला बाक. वर्षभरात जीप मागून अशी बसायची की वाटावं, बसल्या बसल्या डुलकी घेतेय. मग ती तुझ्याकडे यायची. तू मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा घालून तिला उभी करायचास. आणि उंची बघायचास ती नेहमी भरल्या गाडीत. नाक्यावर जो कोणी उभा असेल त्याला म्हणायचास, "बसा रे, बसा, भाडं नाय घेत." लोक हौसेने बसायचे, तू गुडघ्यावर बसून चाकाशेजारी हाताची वीत लावायचास आणि मान हलवायचास. झालं माप.

मी तेव्हा शहापूरच्या आयटीआयला फिटरच्या वर्गात. त्या वर्गात आम्ही दोनच मुली. बाबा नव्हते, घरात शब्द काकांचा. काकांना ते मुळीच पसंत नव्हतं. "पोरीनं कानस घासायची आनि पोरानं भाकऱ्या थापायच्या काय?" असं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. तू त्यांच्या मागे लागलास, दोन महिने त्यांची सायकल फुकट नीट केलीस, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. तेही अटीवर. "एक चूक माज्या कानावर येऊं दे. दुसऱ्या दिशी पुस्तकं चुलीत आनि पोर डोळखांबला. स्थळ तयार हाय." काका बोलतात ते करतात, हे आपल्याला चांगलं माहीत होतं. त्या वर्षी मी परीक्षेपेक्षा त्या वाक्याला जास्त भ्यायले.

आणि मग दिवाळी झाल्यावर ती पिवळी गाडी आली.

आपल्या नाक्याने तशी गाडी कधी पाहिली नव्हती. दोन दारं, दोन माणसांची जागा, आणि इतकी बुटकी की तिच्या टपावर कोपर टेकून माणूस विडी ओढू शकला असता. गाडी मुंबईच्या एका शेठची; त्यांनी मुरबाडच्या पुढे जागा घेतली होती. तेव्हापासून दर शनिवारी ते आपल्या नाक्यावरून जायला लागले. किन्हवलीच्या अलीकडच्या मोरीच्या उंचवट्यावर गाडीचं पोट दर खेपेला घासायचं. शेठ स्वतः आडवेतिडवे. गाडीतून उतरताना आधी एक पाय बाहेर यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग बाकीचे शेठ. एका शनिवारी थांबून म्हणाले, "मेकॅनिक, दोन बोटं वर पाहिजे. पण दिसता कामा नये. जीप नको बनवू."

तू गाडीखाली शिरायला गेलास आणि शिरताच येईना. शेवटी गाल मातीला टेकवून आत बघितलंस आणि ओरडलास, "सुमे, हितं पाटाच नाय गो!" मीही आडवी झाले. प्रत्येक चाकापाशी गुंडाळीची स्प्रिंग, तिच्या खाली आटे पाडलेली नळी, आणि आट्यांवर फिरणारी जाड रिंग. रिंग वर चढवली की स्प्रिंग वर सरकते, गाडीचा तो कोपरा उचलतो. उतरवली की बसतो. चार चाकं, चार रिंगा. पाव तासात तुला सगळं कळलं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. जत्रेत पाळणा बघितलेल्या पोरासारखा झाला होता. "पाटा नाय, घन नाय, नुसतं पिळायचं! ह्याला म्हन्तात गाडी."

अडचण एकच होती, सपाट जागा. चारी कोपरे सारखे आले की नाही हे बघायला जमीन सपाट हवी, आणि आपल्या नाक्यावर सपाट म्हणावं असं काही नव्हतं. तेव्हा मीच म्हणाले, "आपलं खळं." भात झोडायला आठ दिवस होते. आईने आणि मी नुकतंच खळं चोपून, सारवून तयार केलं होतं. आरशासारखं गुळगुळीत.

आईला विचारायला तू मलाच पुढे घातलंस. आई म्हणाली, "खळ्यावर मी पावन्याला चपला घालून येऊं देत नाय, आनि तुमी मोटार आनता?"

"आये, शेठची गाडी हाय. साफ हाय," तू मागून म्हणालास.

"साफ हाय तं पाय धुवून येऊं दे."

आणि खरंच, दादा, आपण त्या गाडीचे पाय धुतले. कळशीने पाणी घातलं, काथ्याने चारी चाकं घासली, आईने स्वतः वाकून बघितलं की नक्षीत माती राहिली नाही ना. दोन फळ्या टाकून तू गाडी खळ्यावर चढवलीस. शेठ मागोमाग निघाले तर आईने हात आडवा केला. बिचारे मुंबईचे शेठ, बूट काढून, मोजे खिशात कोंबून, अनवाणी खळ्यावर उभे राहिले. आईने गाडीला हळदकुंकू लावलं. पिवळ्यावर हळद काही दिसेना, म्हणून तिने आणखी लावली. मला वाटतं, शेठना ते आवडलं होतं.

मग तू डोकं चालवलंस. गाडी चालवताना आत शेठ असणार, तेव्हा माप शेठसकट घ्यायला हवं. पण शेठना तासभर आत बसवून कसं ठेवायचं? तू त्यांच्याकडे एकदा वरून खाली बघितलंस आणि मला हळूच म्हणालास, "एक गोन भात, वर दोन पायली." ते शेठच्या जागी बसवलं. पट्टाही लावलास गोणीला.

आता माप. इथेच आपलं वाजलं. तू म्हणालास, "चाकाच्या मधापासनं मडगारपर्यंत वीत लावायची. चारी चाकांना सारखी आली का झालं." मी हसले. आयटीआयचं दुसरं वर्ष होतं ना माझं! वितीने मोजतात का कोणी? मी गावातल्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली होती. पारदर्शक नळीत पाणी भरायचं. दोन टोकं कुठेही धरा, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. पाणी खोटं बोलत नाही, असं मी तुला ऐकवलं. तू माझ्याकडे बघितलंस, हात फडक्याला पुसलेस आणि म्हणालास, "बरं. तुजी नळी, तुजं माप. सांग किती पिळूं."

मी सांगत गेले, तू पिळत गेलास. दर वेळी पिळून झालं की गाडी पुढेमागे ढकलून, तिला नीट बसू देऊन पुन्हा माप. डाव्या अंगाला उजव्यापेक्षा बरेच फेरे जास्त लागले. तू एकदा विचारलंससुद्धा, "सुमे, डावीकडं इतकं कसं गो?" मी म्हणाले, "आधीच बसली असेल तिकडून." शेवटी चारी कोपरे पाण्याच्या रेघेला लागले. मला वाटलं, फिटर म्हणून माझा जन्म झाला तो आज.

शेठ खूश. त्यांनी किल्ली तुझ्या हातात दिली, "एक चक्कर मारून बघ." तू मला बोलावलंस. गोण उतरवून तू बसलास, शेजारी मी. किन्हवलीपर्यंत आणि परत. ती मोरी आली तेव्हा आपण दोघांनी श्वास धरला, आणि गाडी अलगद पार झाली. पोट घासलं नाही. तू स्टेअरिंगवर थाप मारलीस आणि मोठ्याने हसलास. रस्त्याने बैल चारणारी माणसं बघतच राहिली. आपण दोघं तेव्हा जेवढे खूश होतो तेवढे नंतर क्वचितच झालो, दादा. गाडी वाकडी आहे हे दोघांनाही कळलं नाही. कारण डांबरी रस्ता कडेला डावीकडे उतरता, आणि गाडी डावीकडून उंच. रस्त्याने आणि गाडीने एकमेकांचं झाकलं.

पुढच्या शनिवारी शेठ आले ते हॉर्न वाजवतच. "ए मेकॅनिक! गाडी एका बाजूला झुकलीय माझी. मुरबाडच्या बाजारात उभी केली तर लोक काय म्हणतात माहिती? शेठ, तुमच्या वजनाने कलली, जेवण कमी करा!"

सपाट जागी उभी राहिली की गाडी शेठच्या बाजूला चांगली दीड बोट खाली दिसत होती. सगळा नाका जमला. जिपांचे ड्रायव्हर, पानवाला, एसटीची वाट बघणारे, सगळे. हसून हसून एकजण जिपेच्या दारावर लोंबकळत होता. आणि त्या गर्दीत, छत्री काखेत धरून, काका.

चूक काय झाली ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं होतं. खळ्याला उतार असतो. पाणी साचू नये म्हणून आई दर वर्षी एका अंगाला उतार काढते, आणि तो काढताना तिच्या हाताखाली मीच चोपणं घेऊन असते. लहानपणापासून मला ठाऊक. पण डोक्यात नळी शिरली आणि खळं बाहेर राहिलं. नळीने गाडी पाण्याच्या पातळीला बरोबर आणली. जमीनच तिरकी, तेव्हा चाकांच्या मानाने गाडी तिरकी झाली. तुझी वीत लावली असती तर काहीच बिघडलं नसतं.

काकांनी विचारलं, "कोनी मोजलं?"

मी तोंड उघडलं होतं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "मी," म्हणालास. "वितीनं मोजलं. ही सांगत व्हती, नळी लाव, नळी लाव. मी नाय ऐकलं."

"मंग पोरीचं ऐकायला काय झालं व्हतं तुला, हऱ्या?" काका कडाडले. नाका पुन्हा हसला. मी उघडलेलं तोंड मिटलं.

दुपारी भातगिरणीसमोरच्या सपाट कोब्यावर तू गाडी उभी केलीस आणि वितीने, तुझ्या त्या काळ्या, चिरा पडलेल्या वितीने, अर्ध्या तासात चारी चाकं सारखी केलीस. शेठची ती गाडी पुढे कित्येक वर्षं त्याच उंचीवर चालली. पण वितीचं नाव गेलं ते गेलंच. नाक्याने गॅरेजला 'वाकडं गॅरेज' नाव ठेवलं. किन्हवलीहून कोणी विचारत आलं तरी लोक सांगायचे, वाकडं गॅरेज ना, पुढं जा. घरी आईला काय झालं ते तू सांगितलंस तेव्हा ती म्हणाली, "उतार नाय ठेवला तं पानी जाईल कुठं? मला इचारायचं व्हतं. मी काय तिथं हळद लावायलाच उभी व्हते?" कोणी मोजलं, हे तिने विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

माझी पुस्तकं चुलीत गेली नाहीत. मी पास झाले. मुरबाडच्या कारखान्यात लागले, आणि कामही मापाचंच मिळालं. तयार झालेला भाग घ्यायचा, मोजायचा, बरोबर की चूक ते लिहायचं. त्या कारखान्यात चूक कोणी केली ते कागदावर येतं, आणि ज्याची असते तो ती डोकं खाली न घालता सांगतो. मला ते फार आवडलं. पहिल्याच वर्षी मी एक पूर्ण घमेलंभर भाग चुकीचे पास केले आणि साहेबांसमोर जाऊन सांगितलं, मीच. घरी येताना रडले नाही, उलट हलकं वाटलं. त्या संध्याकाळी थेट गॅरेजवर आले आणि तुला म्हणाले, "दादा, ती पिवळ्या गाडीची चूक मला परत दे. आता मी काकांना सांगते."

तू जिपेखाली होतास. खालूनच म्हणालास, "कशाला? गावाला सवय झाली आता."

"माझी चूक तुझ्या नावावर का?"

"तुज्या नावावर बरंच काय काय चांगलं येतंय गो. येवढं माज्याकडं राहूं दे."

मला राग आला. खराच आला. तुला वाटायचं, मी लाडाने बोलतेय. मी लाडाने बोलत नव्हते. तू माझं शिक्षण वाचवलंस हे मी जन्मभर विसरणार नाही, आणि ते तुला मी नीट सांगितलं नाही, हेही खरं. आता सांगते: तू नसतास तर मी डोळखांबला चूल फुंकत असते, आणि वाईटच फुंकत असते. पण त्याचबरोबर हेही सांगायचं होतं की ती चूक माझी होती, तिच्यातून मी शिकले, आजही दर माप घेताना आधी जमीन बघते, आणि ती चूक दुसऱ्याच्या अंगावर बघितली की मला माझाच सदरा कोणीतरी घालून फिरतंय असं वाटतं. दर भाऊबीजेला आपण ह्यावर भांडलो. ओवाळणी काय घालू म्हणून तू विचारायचास, मी म्हणायचे, ती चूक घाल. तू खिसे उलटे करून दाखवायचास.

आणि एक गोष्ट अजून. ती मी तुला कधीच सांगितली नाही. माझ्या हळदीच्या दिवशी काका पाहुण्यांना सांगत होते, "आमची सुमन मुरबाडला मापं घेते, मशीनीवर. भावासारखी वितीनं नाय!" सगळे हसले. तू हंडा घेऊन चालला होतास, तूही हसलास. आणि दादा, मीही हसले. तोंडभर हळद होती, कोणाला कळलं नाही मी कशी हसले ते. पण हसले. एवढ्यासाठी मला माफ कर.

तेराव्याच्या दिवशी पुन्हा तेच झालं. जेवणं झाली, माणसं मांडवात सुपारी कातरत बसली, आणि तुझ्या गोष्टी निघाल्या. तू रुसला नसतास; सगळ्या हसायच्याच होत्या. जिपेत पाहुण्यांसकट माप घेतलंस आणि ते पाहुणे उतरेनातच, ती गोष्ट झाली. मग कोणीतरी पिवळी गाडी काढली. शेठचे मोजे, आईची हळद, पट्टा लावलेली भाताची गोण. म्हातारे काका हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "वितीनं मोजलं रे हऱ्यानं!"

मी उभी राहिले. पदर खोचला. म्हणाले, "काका, दादाने नाही मोजलं. मी मोजलं होतं. नळीने. त्याची वीतच बरोबर होती."

मला वाटलं, सुटले एकदाची. आता काका ओरडतील, आणि ओरडू देत. पोर आता चाळिशीला टेकलीय, पुस्तकं जाळून जाळणार काय?

काका उठले. काठी टेकत माझ्यापाशी आले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "बगा रे. भाऊ गेला, तं त्याचा बोल सोताच्या अंगावर घेते. ह्याला म्हन्तात बहीन."

"काका, खरंच सांगते..."

"नको गो बाय. समदं समजतं आमाला."

बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी वहिनीकडे बघितलं, म्हटलं, हिला तरी तू सांगितलं असशील, इतक्या वर्षांत एकदा तरी. वहिनीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "राहूं द्या वन्सं. ते सोताच सांगायचे मला, मीच मोजलं म्हनून. तुमी कशाला वाईट वाटून घेता?"

बायकोलासुद्धा नाही सांगितलंस, दादा. बायकोलासुद्धा!

मी खरं बोलले आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. काय करणार होते? खाली बसले. कोणीतरी सुपारी पुढे केली, ती घेतली. तुझ्यावर इतकी चिडले की रडू आलं, आणि रडले म्हणून त्यांची आणखी खात्री पटली.

ठेव मग तुझ्याकडे. पण काका काही म्हणोत, गाव काही म्हणो, तू आणि मी तरी खोटं नको बोलायला. मोजलं मी होतं.

तुझी,
सुमी